नऊ लाखांची कार्डं: आधी ओल आवरा, मग पॉलिसी घ्या

परभणीच्या एका संग्राहकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे क्रिकेट आणि फुटबॉलच्या कार्डांचा संग्रह आहे. जुना भाग अंबाजोगाईच्या काकांनी जमवलेला: बिग फन बबलगममधली चित्रं, १९९६ च्या विश्वचषकाची फ्युटेरा कंपनीची कार्डं. नवा भाग यांनी स्वतः विकत घेतलेला, त्यात पीएसएची (कार्डाची अवस्था तपासून ग्रेड देणारी अमेरिकी कंपनी) ग्रेड मिळालेली काही कार्डं आहेत. एकूण किंमत त्यांच्या अंदाजानं नऊ लाख, त्यात एकच कार्ड अडीच लाखांचं. घर तळमजल्यावर, कार्डं भिंतीतल्या कपाटात. एजंट म्हणतो, गृहकर्जासोबत निघालेल्या पॉलिसीत सगळं येतं. हे खरं का, आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तर भागेल का?

मी लातूरला राहतो आणि मराठवाड्यात सर्व्हेअरचं काम करतो. आग, पूर, चोरी झाल्यावर नुकसान मोजायला विमा कंपनी ज्याला पाठवते, तो माणूस. खेळाडूंच्या कार्डांचे दावे आपल्या भागात क्वचितच येतात. पण जुनी पुस्तकं, टपाल तिकिटांचे अल्बम, छायाचित्रं यांचे येतात, आणि भिजलेल्या कागदाची गत सगळीकडे एकच होते. त्या अनुभवावरून आधीच सांगतो: तुमच्या कार्डांना ज्या गोष्टींपासून रोजचा धोका आहे, त्यातल्या बहुतेक गोष्टी कुठलीच पॉलिसी भरून देत नाही. ओल, बुरशी, कसर, वाळवी, रंग उडणं, कार्ड वाकणं हे सगळं विम्याच्या भाषेत 'हळूहळू होणारं नुकसान', आणि ते जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं असतं. विमा अचानक घडणाऱ्या घटनेचा असतो. म्हणून पॉलिसीकडे नंतर येऊ, आधी कपाट बघू.

भिंतीतलं कपाट हे कार्डांसाठी घरातल्या सगळ्यात वाईट जागांपैकी एक. त्यात ते बाहेरच्या भिंतीत असेल, पलीकडे न्हाणी असेल किंवा वर पाण्याची टाकी असेल, तर आजच रिकामं करा. तळमजल्यावर जमिनीतली ओल भिंतीत चढते. पोपडे सुटायच्या कितीतरी आधी ती कागदाला लागलेली असते. पूर्वी माळवदाच्या घरांत पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकून दाबून घेत, तरी आतल्या ट्रंका मधोमध ओट्यावर ठेवत, भिंतीला लावून नाही. त्या माणसांना ओल कळत होती. स्लॅबच्या घरातही तोच नियम पाळा. आतल्या, कोरड्या खोलीत लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं सुटं, आणि कार्डं मधल्या किंवा वरच्या खणात. सगळ्यात खालचा खण पुरासाठी सोडून द्यायचा. माळ्यावर तर मुळीच नको, मे महिन्यात स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो.

आपल्याकडचा खास धोका म्हणजे कुलर. मुंबईच्या दमट हवेबद्दल सगळे बोलतात, पण परभणी-नांदेडची हवा वेगळी वागते. एप्रिल-मेमध्ये ती इतकी कोरडी होते की कागद आकसतो. मग आपण त्याच खोलीत वाळ्याच्या पडद्याचा कुलर लावतो आणि दुपारभर ओली हवा सोडतो. संध्याकाळी वीज गेली की खोली पुन्हा कोरडी. रोजचा हा हेलकावा कार्डाला सतत दमट राहण्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण कार्डाच्या एका बाजूचा कागद ओल शोषतो आणि दुसऱ्या बाजूचा चकचकीत थर शोषत नाही. क्रोम आणि फॉइलची कार्डं यानंच कमानीसारखी वाकतात. कार्डांच्या खोलीत कुलर नको. दुसरी खोलीच नसेल, तर रबरी कडा असलेल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात कार्डं ठेवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. तो काही शे रुपयांत मिळतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. डबा बंद करायचा तो कोरड्या दिवशी, दिवाळीनंतर. जुलैत झाकण लावलंत तर पावसाळाच आत कोंडून ठेवाल. सिलिका जेल काही महिन्यांनी गरम करून पुन्हा वाळवावी लागते, रंग बदलणारी घेतली तर कधी ते कळतं.

डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नका. घरोघरी कपाटात त्या असतात, पण त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते, आणि ग्रेड केलेलं कार्ड प्लास्टिकच्याच कवचात असतं. कसर आणि झुरळांसाठी घट्ट डबा आणि स्वच्छ कपाट पुरतं. वाळवीसाठी घराला रीतसर औषध मारून घ्या.

कार्ड कशात ठेवायचं हे तुम्हाला बहुधा ठाऊक असेल, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण जुन्या संग्रहांत त्याच चुकलेल्या दिसतात. पहिली, मऊ पीव्हीसीचे पारदर्शक खिसे. नवीन रेनकोटसारखा वास आला की ओळखा. त्यातला तेलकट अंश कालांतरानं बाहेर येतो आणि कार्डावर चिकट डाग पडतो. पॉलिप्रॉपिलीनचे, आम्लरहित लिहिलेले खिसे घ्या. आधी पातळ स्लीव्ह, मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट), आणि ते उभे ठेवा, एकावर एक रचून नाही. दुसरी गोष्ट काकांच्या बिग फनच्या चित्रांची. त्या काळी मुलं ती वहीत डिंकानं किंवा खळीनं चिकटवायची. तशी असतील तर कृपा करून ओढून काढू नका, वाफ देऊ नका. वहीसकट जपा. फाटलेल्या पाठीचं चित्र हे निव्वळ नुकसान. वहीतलं चित्र मात्र आपल्या काळासकट टिकतं, आणि त्याला मोल देणारे लोक आहेत.

अग्निरोधक तिजोरी घ्यावी का, असं पुष्कळ जण विचारतात. कागदासाठी बनवलेली तिजोरी आगीत आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायच्या हिशोबानं बनवतात. तेवढ्यात कागद जळत नाही, पण पीएसएचं कवच आणि टॉपलोडर त्याआधीच मऊ पडतात. डेटा डिस्कसाठीच्या तिजोऱ्या ५२ अंशांच्या आत ठेवतात, त्या महाग असतात. शिवाय अग्निरोधक तिजोरीच्या भिंतीत भरलेला माल ओल धरून असतो, त्यामुळे आत सिलिका जेल नसेल तर बुरशी येते. चोरीसाठी तिजोरी उपयोगी आहे, ती जमिनीला किंवा भिंतीला बोल्टनं पक्की करा. आगीसाठी तिच्यावर फार विसंबू नका. आणि कार्डांच्या कपाटाजवळ इन्व्हर्टरची बॅटरी ठेवू नका. हे सांगावं लागतंय, कारण दोन्ही एकाच कोपऱ्यात मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता पॉलिसी.

तुमच्या एजंटाचं म्हणणं चुकीचं आहे. कर्ज देताना बँक जी पॉलिसी घ्यायला लावते, ती बहुतेक वेळा फक्त इमारतीची असते, बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून. पॉलिसीचा कागद काढा आणि 'विमा रक्कम' या रकान्यात घरातल्या वस्तूंपुढे काही आकडा आहे का ते बघा. नसेल तर तुमच्या टीव्हीचाही विमा नाही, कार्डांचं लांबच.

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी देतात. नियामकानं ठरवलेलं एकच शब्दांकन, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. यात आग, वीज पडणं, वादळ, पूर आणि भूकंप मुळातच येतात. भूकंपाचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं हे लातूर-धाराशिवच्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीजवळच्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं तुमची परभणीही हलली होती. इमारत आणि वस्तू दोन्हींचा विमा घेतला तर सर्वसाधारण वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. इथपर्यंत वाचून लोक खूश होतात, आणि नेमके इथेच फसतात.

कारण सर्वसाधारण वस्तू म्हणजे फर्निचर, फ्रिज, कपडे, भांडी. दागिने, चांदीची भांडी, चित्रं, कलावस्तू, दुर्मिळ जुन्या वस्तू हा 'मौल्यवान वस्तूं'चा वेगळा गट आहे, आणि तो मागून घ्यावा लागतो. खेळाडूंच्या कार्डांचं नाव शब्दांकनात कुठेच नाही. उद्या दावा आला तर कंपनी म्हणेल ही मौल्यवान वस्तू होती, तुम्ही जाहीर केली नाही. किंवा म्हणेल सर्वसाधारण वस्तू होती, छापील पुठ्ठ्याची किंमत घ्या. दोन्हीकडून तुम्हीच अडचणीत. म्हणून संग्रह मौल्यवान वस्तूंच्या गटात, ठरलेल्या किमतीवर, नावानिशी लिहून घ्यायचा. ठरलेली किंमत म्हणजे पॉलिसी घेतानाच दोघांनी मान्य केलेली रक्कम. कार्ड पूर्ण गेलं तर मग बाजारभावाचा वाद उरत नाही. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू एक लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला माफ असतो. तुमचा संग्रह नऊ लाखांचा आणि एक कार्ड अडीच लाखांचं, म्हणजे दाखला लागणारच.

इथे अडतं. सोन्याचा मूल्यांकनकार सराफ्यात भेटतो, कार्डांचा मराठवाड्यात मिळणार नाही. मी संग्राहकांना असं सुचवतो: प्रत्येक मोठ्या कार्डाची, त्याच ग्रेडची, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची अलीकडची तीन उदाहरणं छापून काढा. विक्रेत्यानं मागितलेली किंमत नाही, विकल्याची किंमत. ईबेवर विकलेल्या वस्तूंची यादी वेगळी दिसते, लिलावगृहंही निकाल जाहीर करतात. सोबत तुमची खरेदीची पावती, पैसे पाठवल्याचा बँकेचा उतारा आणि या व्यवसायातल्या एखाद्या विक्रेत्याचं लेटरहेडवरचं मूल्यांकन. हा सगळा गठ्ठा कंपनीला आधी पाठवा आणि त्यांची लेखी मान्यता घ्या. एजंटाचं 'होऊन जाईल साहेब' हे मान्यतेत धरू नका. शाखेतून पटकन उत्तर येत नसेल तर अंडररायटिंग विभागाकडे प्रस्ताव पाठवायला सांगा, असले निर्णय तिथेच होतात. एका कंपनीनं नाही म्हटलं तर दुसरीला विचारा. दोन-चार कंपन्यांना एकदम विचारू शकणारा परवानाधारक ब्रोकर अशा वेळी एजंटापेक्षा जास्त कामाचा.

पॉलिसीच्या अनुसूचीत 'क्रिकेट कार्ड संग्रह, नऊ लाख' अशी एक ओळ पुरेशी नाही. प्रत्येक मोठ्या कार्डाची स्वतंत्र ओळ हवी: वर्ष, कंपनी, संच, कार्ड क्रमांक, खेळाडू, ग्रेड, ग्रेडिंगचा प्रमाणपत्र क्रमांक, ठरलेली किंमत. पीएसएच्या कवचावरचा हा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. सर्व्हेअर म्हणून मला याहून चांगला पुरावा मिळत नाही, कारण त्यात कार्ड कोणतं आणि त्याची अवस्था कशी, दोन्ही तिसऱ्यानं लिहून ठेवलेलं असतं. किरकोळ कार्डं संचानुसार एकत्र लिहिली तरी चालतात. संच लिहिताना एक प्रश्न जरूर विचारा: संचातलं एकच कार्ड गेलं तर काय देणार? बऱ्याच पॉलिसींत त्या एका कार्डापुरतंच मिळतं, संच अपुरा राहिल्यानं घसरलेली किंमत मिळत नाही.

चोरीचं काय? भारत गृह रक्षा पॉलिसीत चोरी येते ती फक्त आग, पूर, भूकंप अशा विमा उतरवलेल्या घटनेमुळे आणि त्या घटनेपासून सात दिवसांत झालेली. तुम्ही लग्नाला लातूरला गेलात आणि कुणी कुलूप तोडलं, तर या पॉलिसीतून काही नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. हाउसहोल्डर्स पॉलिसीत ते एक विभाग म्हणून असतं आणि मौल्यवान वस्तूंसाठी 'ऑल रिस्क' हा दुसरा विभाग असतो. माझ्या मते तुमच्या सगळ्यात महाग पाच-सात कार्डांसाठी ऑल रिस्कच घ्यावं, कारण त्यात घराबाहेर झालेली चोरी आणि अपघाती नुकसानही येतं. हप्ता जास्त पडेल. पडू द्या, पण फक्त त्या मोठ्या कार्डांवर.

घरफोडीच्या संरक्षणात 'जबरदस्तीनं प्रवेश' ही अट असते, आणि ती अक्षरशः लावतात. २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: पॉलिसीत बळाचा वापर लिहिला असेल तर तो झालेला असावाच लागतो, नुसती चोरी पुरत नाही. म्हणजे दार उघडं होतं, पाहुणा आला आणि कार्ड खिशात घालून गेला, तर भरपाई नाही. घरच्या माणसाचा किंवा नोकराचा हात असेल तरी बहुतेक ठिकाणी नाही. घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवण्याची अटही अशा पॉलिसींत असते. दिवाळीत आणि उन्हाळी सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कार्डांचे फोटो टाकताना घराचा पत्ता आणि गावी गेल्याची बातमी समाजमाध्यमांवर एकत्र जाऊ देऊ नका.

आणखी एक, विमा कमी रकमेचा काढून हप्ता वाचवू नका. घरफोडीच्या पॉलिसीत नऊ लाखांचा माल साडेचार लाखांना लिहिला आणि दोन लाखांची कार्डं गेली, तर कंपनी निम्म्याच प्रमाणात, म्हणजे एक लाख देईल. भारत गृह रक्षेत ही कात्री लागत नाही, बाकी पॉलिसींत लागते.

लॉकरबद्दल. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं तीन हजार असेल तर कमाल तीन लाख. भूकंप, पूर, वीज यांत ग्राहकाच्या मालाची जबाबदारी बँकेवर नाही, आणि आतल्या वस्तूंचा विमाही बँक काढत नाही. आपल्या भागात धोका नेमका पूर आणि भूकंपाचा, आणि तेवढाच त्यातून सुटतो. चोरीच्या दृष्टीनं मात्र लॉकर घरापेक्षा निश्चित चांगलं. तळघरातलं नको, वरच्या खणातलं मागा, आणि कार्डं घट्ट डब्यातच ठेवा. घरच्या पॉलिसीत लॉकरचा पत्ता वस्तू ठेवण्याची जागा म्हणून लिहून घेतला नसेल, तर घराबाहेर नेलेल्या वस्तूला संरक्षण नाही, हेही तपासा.

ग्रेडिंगसाठी कार्डं अमेरिकेत पाठवताना तर तुमची घरची पॉलिसी दारातच थांबते. कुरिअर कंपनीची स्वतःची जबाबदारी पावतीमागच्या बारीक अक्षरांत अगदी मामुली रकमेपुरती असते. प्रवासाचा वेगळा विमा मागा. कार्ड स्लीव्हमध्ये घालून पाकीट बंद करेपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ काढा, कवचाचा किंवा कार्डाचा क्रमांक दिसेल असा. पुण्या-मुंबईतल्या कुणामार्फत एकत्र पाठवत असाल तर कार्डवार यादीसकट सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि त्यांच्या ताब्यात असताना विमा कुणाचा, हे लेखी विचारा. ओळखीचा आहे म्हणून लाजू नका.

आता दावा प्रत्यक्षात कसा उभा राहतो ते एका उदाहरणानं सांगतो. नांदेडला गोदावरीचं पाणी उतरल्यानंतर एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. विषय टपाल तिकिटांच्या अल्बमचा. लोखंडी कपाटावर पाण्याची रेघ स्पष्ट होती, साधारण गुडघ्याच्या वर, खाली चिखलाचा थर आणि वर जुना हिरवा रंग तसाच. रेघेखालच्या खणातले अल्बम विटेसारखे एकसंध झालेले. त्यांच्याबद्दल वाद नव्हता. वाद होता वरच्या खणाचा. तिथे पाणी पोचलंच नव्हतं, पण घर आठवडाभर बंद राहिल्यानं आतल्या वाफेनं पानं फुगली होती आणि काठांना काळसर बुरशी धरली होती. ही बुरशी पुराची की आधीपासूनची? कंपनीनं आधीपासूनची धरली असती तर ती पूर्ण वगळली गेली असती. गुरुजींच्या मोबाइलमध्ये दीड महिन्यापूर्वीचे फोटो होते, नातवाला दाखवायला काढलेले, त्याच अल्बमचे, पानं स्वच्छ. तारीख फोटोतच होती. मी ते अहवालाला जोडले आणि वरचा खणही मंजूर झाला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, जालना, नांदेडमध्ये घरंच्या घरं पाण्यात गेली, आणि ज्यांच्याकडे आधीचा असा एकही फोटो नव्हता, त्यांना आपल्याच वस्तू सिद्ध करताना किती जीव आटवावा लागला हे मी पाहिलं आहे.

म्हणून या रविवारी एक काम करा. प्रत्येक मोठ्या कार्डाचे पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो, शिवाय कपाट उघडून सगळा संग्रह जागेवर दाखवणारा एक व्हिडिओ. यादी, पावत्या आणि फोटो घरातल्या संगणकावर ठेवून उपयोग नाही, तो संगणकही त्याच पाण्यात जाईल. क्लाउडवर ठेवा आणि एक प्रत काकांकडे अंबाजोगाईला. पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षातून दोनदा हे नव्यानं करा.

नुकसान झालंच तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. चोरी असेल तर लगेच एफआयआर, आणि त्यात 'काही कार्डं गेली' असं मोघम लिहू देऊ नका, यादी जोडा. पुराच्या वेळी तलाठ्याचा पंचनामा घराचा होतो. त्यात कार्डांचा उल्लेख येणार नाही, पण पाणी किती चढलं याची नोंद दाव्याला फार आधार देते. सर्व्हेअर येईपर्यंत काहीही फेकू नका. मात्र नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे, म्हणून आधी फोटो, मग बचाव. ओली कार्डं उन्हात टाकू नका, हेअर ड्रायर लावू नका. एकमेकांना चिकटलेली चकचकीत कार्डं ओढून सोडवू नका. ती चिकटलेल्या अवस्थेत वाळली तर मग कधीच सुटत नाहीत. लगेच काही करणं शक्य नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, कागद जपणारे तज्ज्ञ वेळ मिळवण्यासाठी हेच करतात. सुटी ओली कार्डं टिपकागदावर, पंख्याच्या झुळकीत, सावलीत. ग्रेडिंगचं कवच जलरोधक नसतं. आत पाणी गेलेलं दिसलं तर स्वतः फोडू नका, सर्व्हेअरला तसंच दाखवा, कारण क्रमांकाची चिठ्ठी आतच असते.

कंपनीनं पूर्ण किंमत दिली की ते खराब झालेलं कार्ड कंपनीचं होतं, हे अनेकांना दावा मिटताना पहिल्यांदा कळतं आणि फार वाईट वाटतं. काकांनी दिलेलं एखादं कार्ड कसल्याही अवस्थेत तुम्हाला जवळच हवं असेल, तर मिटवणीच्या वेळी भंगाराची किंमत वजा करून ते परत मागता येतं. आधी बोलून ठेवा.

काकांच्या कार्डांवरून मालकीचा प्रश्न निघतो. विमा त्याच्याच नावावर निघतो ज्याला त्या वस्तूच्या नुकसानीची झळ बसते. काका अंबाजोगाईला राहतात, तुमच्या घरात नाहीत. त्यांची कार्डं अजून त्यांचीच असतील तर तुमच्या पॉलिसीत दाव्याच्या वेळी हरकत येऊ शकते. त्यांनी ती तुम्हाला दिली असतील तर एक साधं बक्षीसपत्र, कार्डांच्या यादीसकट, दोघांच्या सह्यांनी करून घ्या. वडिलांच्या भावाकडून पुतण्याला मिळालेल्या अशा भेटीवर आयकर लागत नाही, त्यामुळे लपवण्यासारखं काहीच नाही. काकांना वाईट वाटेल म्हणून हा कागद टाळू नका. त्यांच्या पश्चात चुलतभावंडांत प्रश्न उभा राहू नये म्हणून तो त्यांनाही हवाच असेल.

तुम्ही अधूनमधून कार्डं विकता, असंही लिहिलं आहे. छंद म्हणून दोन-चार बदलली तर ठीक. पण नियमित खरेदी-विक्री असेल तर तो धंद्याचा माल झाला, आणि तो घराच्या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही छोट्या व्यवसायांची पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. विकायची कार्डं आणि जपायची कार्डं यांची यादी, डबा आणि विमा वेगळा ठेवा.

किमती दरवर्षी तपासा. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर कंपनीचं कार्ड पीएसए १० ग्रेडमध्ये जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं, आणि साधारण वर्षभरात त्याच ग्रेडचे भाव निम्म्याच्याही खाली आले. त्या तेजीत किंमत ठरवून दहा वर्षांची पॉलिसी घेतली तर भलत्या रकमेचा हप्ता भरत राहाल, आणि उलट वेळी घेतली तर संरक्षण तोकडं पडेल. घराचा विमा लांब मुदतीचा घ्या, कार्डांचा करार एकेका वर्षाचा ठेवा, आणि नूतनीकरणाला नवी विक्री-उदाहरणं जोडा.

दावा नाकारला किंवा अडकवून ठेवला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करा, आणि अर्जाला पॉलिसीची अनुसूची, कंपनीची लेखी मान्यता आणि तारखेचे फोटो जोडा.